दुखतंय म्हणायचं नाही

हल्ली सकाळी पोरं पळायला लागली की मी त्यांच्या मागं राहून बघतो. पूर्वी शिट्टी तोंडात धरून पुढं उभा असायचो, छाती काढून. ओळखीतले विचारतात, "काय सर, वय झालं का?" मी म्हणतो, व्हय, झालं. खरं कारण सांगायला मला तोंड नाही.

फौजेतून रिटायर होऊन दौंडला आलो आणि रेल्वे कॉलनीच्या पलीकडच्या मोकळ्या मैदानावर पोलीस भरतीची पोरं-पोरी तयार करायला लागलो. मी तोंडाचा फटकळ, आणि त्याचीही मला मोठी घमेंड. मैदानाच्या भिंतीवर तीन शब्द रंगवून घेतले होते : शरीर, शिस्त, स्वभाव. पळून शरीर होतं, वेळ पाळून शिस्त येते आणि सोसून स्वभाव घडतो, एवढं साधं माझं म्हणणं. सोसायची सवय लागावी म्हणून एक नियम केला. मैदानावर 'दुखतंय' म्हणायचं नाही. जो म्हणेल त्यानं बाजूला उभं राहून बघायचं आणि बाकीच्या सगळ्या बॅचनं त्याच्यापायी एक राउंड जास्त मारायचा.

एकदाच एक पोरगा म्हणाला. पोटरीत गोळा आला होता त्याच्या. तो उभा राहिला आणि बावीस जण त्याच्याकडं बघत, शिव्या घालत पळाले. दुसऱ्या दिवसापासून त्याच्याशी कुणी बोलेना, नाश्त्याला जवळ बसवेना. आठवड्यात पोरगं मैदान सोडून गेलं. "कच्चं मडकं होतं, बरं झालं फुटलं," असं मी सगळ्यांसमोर म्हणालो. देवा, काय काय बोललोय मी! त्यानंतर तो शब्द कुणी काढला नाही आणि मी चहाच्या टपरीवर फुशारक्या मारत बसायचो की माझ्या बॅचला दुखत नाही म्हणून.

ती पोरगी वडगाव रासाईची, धनगराघरची. दौंडात बॅचमधल्याच तीन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची. पहिल्याच दिवशी मी विचारलं, वर्दी कशाला पाहिजे? बाकीच्यांनी देशसेवा वगैरे पाठ केलेलं सांगितलं. ही म्हणाली, "सर, ही भरती हुकली की माझं लगीन हाय. शिक्रापूरला कंपनीत असलेला पोरगा बगून ठेवलाय. मला न्हाई करायचं." मला आवडलं ते. तिचं आठशे मीटर मी महिन्याभरात असं आणलं की पोरंसुद्धा मागं पडायची. मनातल्या मनात मी तिला वर्दी घालून टाकली होती.

तिचे वडील आठवड्याला भाकरी आणि ठेचा घेऊन यायचे. अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलेला माणूस. मेंढरं विकली, आता दोन एकर ऊस. मैदानाच्या कडेला उकिडवं बसून लेकीचं पळणं बघायचे, बोलायचे नाहीत. ग्राउंडला, म्हणजे भरतीच्या मैदानी चाचणीला, तीन महिने होते तेव्हा एक दिवस उठून माझ्याजवळ आले.

"मास्तर, रागावू नगा. पोरीच्या डाव्या पायात काय तरी हाय. मागनं बगा. टाच टेकली की खांदा पडतुय तिचा."

मी बघितलं. मला सरळ दिसलं सगळं. मी पुढून बघत होतो ना!

"आबा, वेळ बघा तिची. पाय दुखत असता तर अशी पळाली असती का?"

"मेंढरू बी पळतंच की वं. लंगडलेलं मागं ऱ्हायलं तर लांडगा धरतुय, त्याला कळतंय. म्हून ते तोंडानं सांगत न्हाई. आमी मागनं चालतुय ते त्याच्यासाठीच."

"आबा, तुम्ही मेंढरं बघितली, मी माणसं घडवतोय," मी फाडकन बोललो. "टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नसतं."

आबा म्हणाले, "खरं हाय. पर घाव चुकला तर दगूड फुटतुय बी."

म्हाताऱ्यानं मला शिकवावं! मी पेटलोच. शिट्टी मारून सगळी बॅच थांबवली, रांगेत उभी केली आणि सगळ्यांच्या देखत तिला पुढं बोलावलं.

"काय गं, दुखतंय का?"

सगळ्या बॅचचे डोळे तिच्यावर. तिनं एकदा बापाकडं बघितलं.

"न्हाई, सर."

"ऐकलं का आबा?" मी म्हणालो. पोरं हसली. आबांनी रिकामा डबा पिशवीत घातला आणि स्टेशनकडं चालायला लागले.

ग्राउंडच्या दिवशी पुण्यात गेटच्या बाहेर मी आणि आबा उभे होतो. कोचला आत सोडत नाहीत. तिचा नंबर कधी लागला, ती कशी सुटली, काही दिसलं नाही. आतून अँब्युलन्स बाहेर आली तेव्हा मी म्हणालो, "कुणाचं तरी पोरगं चक्कर येऊन पडलं असणार." आबा गाडीमागं पळत सुटले. साठीचा माणूस, पायात जड वहाणा. त्यांना कसं कळलं ते मी आजही विचारलेलं नाही.

निम्म्या अंतरापर्यंत ती पुढं होती म्हणे. मग नडगीचं हाड मोडलं. डॉक्टरांनी फोटो दाखवला. जुनी बारीक चीर होती, तिच्यावर पळून पळून ती वाढत गेलेली. त्यांनी मला बाप समजून झापलं, "तीन महिन्यांपूर्वी आणली असती, दीड महिना पाय टेकू दिला नसता, तर भरून आली असती हो. पळालीही असती." आबा शेजारीच उभे होते. मी बाप नाही, हे त्यांनीही सांगितलं नाही आणि मीही नाही.

खोलीवरच्या मैत्रिणीनं नंतर रडत सांगितलं. रोज पहाटे दोन गोळ्या घ्यायची, ओढणी फाडून नडगी आवळून बांधायची आणि वर ट्रॅकपँट चढवायची. "आम्ही म्हटलं सरांना सांग, तर म्हणाली, माझ्यापायी तुमाला राउंड नगं."

रॉड घातलेल्या पायाला कुठलं मेडिकल पास करतंय? वर्दी गेली. शिक्रापूरच्या पाहुण्यांनीही पाय बघून नकार कळवला. तिला नको असलेलं लग्न मोडलं, पण असं मोडायला नको होतं.

पंधरा दिवसांनी हिय्या करून मी वडगावला गेलो. काय बोलायचं ते बसमध्ये दहादा घोकलं होतं. माफी मागायची, आबांचे पाय धरायचे. ती पडवीत खाटेवर होती. पाय उशीवर, बोटं सुजून काळीनिळी. आबा तिचा पाय दोन्ही हातांनी उचलून उशी सारखी करत होते. पाय हलला तशी तिनं खाटेची दोरी मुठीत धरली, कपाळावर घाम आला, ओठ पांढरे पडले. मला बघून ती उठून बसायला धडपडली. घोकलेलं सगळं मी विसरलो.

"लई दुखतंय का गं, पोरी?"

तिनं दोरी सोडली, पाठ ताठ केली.

"न्हाई, सर."

आबांनी पाय अलगद उशीवर ठेवला आणि माझ्याकडं न बघता बाहेर निघून गेले.