राजदूतचा पोळा

त्र्याण्णव साली पिंपळनेरच्या बाजारपेठेत कुणालाही विचारलं असतं, की बिघडलेला रेडिओ कुठं टाकावा, तर त्यानं तोतारामचं दुकान दाखवलं असतं आणि वर सांगितलं असतं, की तोतारामच्या हाताला तोड नाही. लोक अशा गोष्टी अगदी छातीठोकपणे सांगतात. ज्या हाताचं एवढं कौतुक चालायचं, तो हात गेली पाच वर्षं दुकानातल्या पडद्यामागं बसून काम करत होता आणि त्यात हिरव्या बांगड्या होत्या, हे मात्र एकालाही ठाऊक नव्हतं.

तो हात कुंदाबाईचा, म्हणजे तोतारामच्या बायकोचा. माहेर तिचं सावद्याचं. शाळा सातवीपर्यंत झाली, पण त्याआधीच ती मण्यांची तोरणं ओवायला शिकली होती. गल्लीतल्या सगळ्या दारांवरचे मोर आणि कुयऱ्या तिच्याच हातच्या. मणी मोजायची सवय बोटांना इतकी लागलेली, की लग्न होऊन पिंपळनेरला आली तेव्हा नवऱ्याच्या टेबलावरचे रेडिओचे बारीकसारीक भाग बघून तिला परकं काही वाटलंच नाही. तोताराम कामाला बसला की ती शेजारी बसून बघायची, हवं ते हातात द्यायची. दोन वर्षांत कुठली तार कुठं जाते हे तिला त्याच्याआधी कळू लागलं.

मग तोतारामचा उजवा हात थरथरू लागला. पहिल्यांदा कळलं ते चहाच्या बशीनं. समोरच्या हॉटेलात चार लोकांत बशी तोंडाशी नेताना निम्मा चहा सदऱ्यावर सांडला, लोक हसले, आणि त्या दिवसापासून तोतारामनं बाहेर चहा पिणं सोडलं. धुळ्याच्या डॉक्टरनं शिरांचा काहीतरी विकार सांगितला आणि गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप तेवढी चांगली यायची. एकदा एक सांधा चार वेळा सोल्डर करूनही बसेना, तेव्हा कुंदाबाईनं त्याच्या हातातून सोल्डरिंगचं हत्यार काढून घेतलं आणि एका दमात सांधा बसवला. तोतारामनं दुसऱ्या दिवशी दुकानाच्या मधोमध जुन्या लुगड्याचा पडदा बांधला.

पडद्याला ती हो म्हणाली ती नवऱ्याची लाज राखायला. बाईच्या हातचा रेडिओ कोण नेणार, अशी बाजाराची रीत. आणि तोतारामचा हात गेला असं चारचौघांत उघड झालं, तर तो माणूस मनानं उठणार नाही, ही तिची भीती. मग दोघांनी खूण ठरवली. गिऱ्हाईक काम सांगायचं, तोताराम डोकं खाजवायचा, आणि आतून बांगड्या दोनदा वाजल्या तर काम होणार, एकदाच वाजल्या तर नाही. तोताराम लगेच मोठ्या रुबाबात निकाल द्यायचा. पण नेलेला रेडिओ गाऊ लागला की लोक येऊन त्याची पाठ थोपटायचे, तो मान डोलवायचा, आणि आत बसलेल्या कुंदाबाईच्या जिवाला ते लागायचं. आपल्या कामाचं नाव आपल्याला मिळावं असं तिला वाटायचं. एवढ्यासाठी नवऱ्याला उघडं पाडावं असं मात्र वाटायचं नाही. पाच वर्षं ती या दोन्हीच्या मध्ये बसून सोल्डर करत राहिली.

त्या वर्षी श्रावणात अभिमन दुकानात आला. अभिमन गावातलाच शेतकरी. वेशीवर पोळ्याचे बैल सुटतात तेव्हा त्याच्या घराचा मान तिसरा. आजोबापासून चालत आलेला. पण त्याची म्हातारी बैलजोडी दोन वर्षांत एकामागून एक गेली, शेत तो भाड्याच्या ट्रॅक्टरनं नांगरून घेऊ लागला, आणि भाजीपाला साक्रीच्या बाजाराला न्यायला त्यानं जुनी राजदूत फटफटी घेतली. आदल्या पोळ्याला त्याची जागा रिकामी गेली होती. गावाची रीत अशी, की ज्या घरचं जनावर लागोपाठ दोन पोळे वेशीवर आलं नाही, त्याची जागा मागचा घेतो आणि ती परत मिळत नाही.

अभिमन गावातल्या जाणत्या धनसिंग आबांकडं गेला होता. बैल उसने आणू का, असं विचारायला. आबा म्हणाले, उसना बैल म्हणजे उसना मान, तो कशाला. मग अंगणातल्या राजदूतकडं बोट करून त्यांनी निवाडा दिला, "जे तुन्हा घरनं ओझं वाहस, तोच तुन्हा बैल शे. पण सजाडीसन आन."

म्हणून अभिमनचं मागणं असं, की राजदूतला बैलासारखं सजवायचं, तेही दिव्यांनी. तोताराम डोकं खाजवत राहिला. दिव्यांच्या माळा घरावर लावतात, फटफटीवर कशा लावणार? आतून बांगड्या दोनदा वाजल्या. तोतारामला वाटलं चुकून वाजल्या असतील, म्हणून तो आणखी थांबला, तर त्या पुन्हा दोनदा वाजल्या आणि जरा रागानंच वाजल्या.

कुंदाबाईच्या डोक्यात चित्र केव्हाच तयार झालं होतं. धुळ्याला आग्रा रोडवर रतिलाल नावाचा रेडिओच्या सामानाचा दुकानदार होता. सामान आणायला तोतारामबरोबर ती जायची, तेव्हा रतिलालनं तिला एकदा हरभऱ्याच्या डाळीएवढे लाल, हिरवे, पिवळे दिवे दाखवले होते. एलईडी म्हणतात यांना, तो म्हणाला होता, तापत नाहीत, बॅटरी खात नाहीत, फक्त लांब पाय प्लसला लावायचा. तेच दिवे तिनं मागवले. पहिला तिनं राजदूतच्या सहा व्होल्टच्या बॅटरीला थेट लावला, तो एकदा लखकन चमकला आणि मेला. मग तिनं दोन-दोन दिवे एकापाठोपाठ जोडून प्रत्येक जोडीमागं करंट अडवणारा एक रेझिस्टन्स बसवला. एका जुवाला दोन बैल, तसं. एकही दिवा पुन्हा गेला नाही.

आठ दिवस राजदूत दुकानामागच्या परसातल्या खोपीत उभी होती. हँडलची दोन टोकं म्हणजे शिंगं, तिथं लाल. हेडलाइटभोवती पिवळ्या दिव्यांचं बाशिंग. पेट्रोलच्या टाकीवर दोन्ही अंगांना हिरव्या-पिवळ्या कुयऱ्यांची झूल, थेट सावद्याच्या तोरणातली. काम संपलं तेव्हा तिनं दिवसाउजेडीच खोपीचं दार लोटून बटण दाबलं आणि अंधाऱ्या कोपऱ्यात ती कुयरी पेटलेली बघून तिला स्वतःचाच अभिमान वाटला. तिनं तोतारामला नीट सांगितलं, अभिमनला बजावा, याला पाणी लागता कामा नये आणि कुणी घासायचं नाही. तारा केसाएवढ्या बारीक आहेत.

गाडी न्यायला अभिमन आला, दिवे बघून त्यानं तोतारामला मिठीच मारली. तोताराम फुलून गेला. त्या भरात पाणी आणि घासणं दोन्ही विसरला आणि "जपीसन वापर" एवढंच म्हणाला. पडद्यामागून कुंदाबाईला ते ऐकू आलं. ती उठलीही. पण जी बाई दुकानात नाहीच, तिनं गिऱ्हाईकाला काय सांगायचं? ती परत बसली.

पोळ्याच्या सकाळी जे व्हायचं तेच झालं. पोळ्याचा बैल न धुता वेशीवर नेणारा माणूस खानदेशात जन्मला नाही. अभिमन तर रीतीला पक्का. त्यानं राजदूत नदीवर नेली, गुडघाभर पाण्यात उभी केली, आणि काथ्यानं टाकीपासून चाकापर्यंत घसाघसा धुऊन काढली. शिंगांना, म्हणजे हँडलला, तेल लावून वर लाल हिंगूळ चोळला. बैलाला करतात ते बठ्ठं, सगळंच केलं, काही राखलं नाही.

दिवेलागणीला वेशीवर सारं गाव जमलं. घुंगरं वाजत होती, बायका ओवाळायची ताटं घेऊन उभ्या होत्या, त्यांत कुंदाबाईही होती. मानाच्या पहिल्या दोन जोड्या गेल्या. अभिमननं राजदूत पुढं घेतली, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि बटण दाबलं. डाव्या शिंगाच्या टोकाला एक लाल जोडी पेटली. बाकी सगळा अंधार. आधी एक हसला, मग वेस हसली. कुणीतरी म्हणालं, बैल एका डोळ्यानं आंधळा निघाला. मागचा जोडीवाला आपले बैल पुढं रेटू लागला.

धनसिंग आबांनी काठी आडवी धरली आणि तोतारामला बोलवायला सांगितलं. तोताराम पिशवी घेऊन गर्दीतून आला. वेशीवर वीज कुठली, म्हणून त्यानं पिशवीतलं तांब्याच्या टोकाचं जुनं हत्यार वेशीजवळच्या हॉटेलाच्या भट्टीत तापवलं आणि टाकीशी वाकला. टाकीवर नुकताच कुणीतरी कंदील धरला होता. त्या उजेडात सगळ्यांना दिसलं, की हत्याराचं टोक तारेच्या या बाजूला जातंय, त्या बाजूला जातंय, तारेवर काही येत नाही.

कुंदाबाईच्या हातातलं ताट जड झालं. आता पुढं जावं तर पाच वर्षं झाकलेलं सगळ्या गावासमोर उघडं पडणार. न जावं तर अभिमनची तीन पिढ्यांची जागा जाणार, आणि तिनं आठ दिवस ओवलेलं काम फसलेलं काम म्हणून गावात राहणार. ती नवऱ्याकडं बघत राहिली.

तोताराम सरळ झाला. बायकांच्या घोळक्यात त्यानं तिला शोधलं, हत्याराची मूठ तिच्याकडं करून हात लांब केला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कुंदा, ये. हाई काम तुन्हं शे. पाच वर्सपाईन बठ्ठं काम तुन्हंच शे."

कुंदाबाईनं ताट शेजारणीकडं दिलं, पदर खोचला आणि गाडीशी मांडी घालून बसली. कुठं तुटलं हे तिला शोधावं लागलं नाही. बोटांनी कुयरीच्या कडेवरून मोजत गेली आणि तुटक्या तारेवर थांबली. पुसली, सोलली, सोल्डर केली. पुन्हा पुढं. मागं बैल फुरफुरत होते, धनसिंग आबांची काठी आडवीच होती, आणि तोताराम डाव्या हातानं दर सांध्याला भट्टीवरून तापलेलं हत्यार आणून देत होता. पाच तारा तुटल्या होत्या. पाचवी बसली तशी तिनं अभिमनकडं मान वर केली. त्यानं बटण दाबलं.

शिंगं लाल झाली, बाशिंग पेटलं, दोन्ही कुशींवर कुयऱ्या उमटल्या. वेशीवर इतका गलका झाला, की मागचे बैल बिचकले. राजदूत तिसऱ्या मानानं वेशीतून गेली आणि अभिमन गाडी चालवताना रडत होता, हे गावानं स्पष्ट पाहिलं.

गावात रीत आहे, बैल सजवणाऱ्या सालदार गड्याला मालकानं वेशीवरच नवा फेटा बांधायचा. अभिमननं फेटा आणला होता, तोतारामसाठी. आता तो फेटा हातात धरून घुटमळला. बाईमाणसाला फेटा कसा बांधायचा? त्याची आई भिकुबाई पुढं आली, तिनं तो त्याच्या हातातून घेतला, कुंदाबाईला कुंकू लावलं आणि लाल फेटा नारळासकट तिच्या ओटीत घातला. म्हणाली, "जिन्ही बैल सजाडा, फेटा तिन्हाच. रीत ती रीत." कुंदाबाईनं ओटी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोतारामनं दुकान उघडून आधी पडदा काढून टाकला, आणि तिचं टेबल ओढत ओढत रस्त्याच्या बाजूला आणलं. फेटा तिनं टेबलामागच्या खुंटीवर टांगला, येणाऱ्याला दिसेल असा. पहिलं गिऱ्हाईक आलं, तोतारामभाऊ आहेत का विचारू लागलं.

तोताराम समोरच्या हॉटेलाच्या बाकावर चार लोकांत बसला होता. हातात बशी होती आणि चहा सदऱ्यावर सांडत होता.

"मी चहा पी राहिनू," तो तिथूनच म्हणाला. "काम तिले सांगा."