क्लच नसलेली गाडी

सुरतेजवळ पलसाण्याच्या ज्या कापड रंगवण्याच्या कारखान्यात मी ऑफिस सांभाळते, तिथली गाडी माझे मोठे दीर चालवत. आम्ही त्यांना दादा म्हणतो. धुळ्याकडून सुरतेला आधी तेच आले, मागून माझा नवरा. मला ही नोकरी लागली तीही दादांच्याच शब्दावर. उधन्यात आमचं घर एकच. ते खाली, आम्ही वर.

जुनी डिझेल गाडी थकली तेव्हा शेठ मला म्हणाले, "बेन, नवी कोणती घ्यायची ते तमे ज जोई लेजो." म्हणजे निवड माझ्यावर.

सीएनजीची टाकी बसवली की डिकीत नमुन्याचे ताके मावत नाहीत. नुसत्या बॅटरीच्या गाडीवर शेठांचा भरवसा नव्हता. मुंबईला जाताना वाटेत चार्जिंग संपलं तर काय, ही धास्ती. राहिली हायब्रिड. पेट्रोलवर चालते, ब्रेक लावला की बॅटरी आपली आपण भरून घेते. पण महाग.

माझ्या डोक्यात मात्र वेगळंच होतं. दादांचा डावा गुडघा. ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून दाबून तो टम्म सुजायचा आणि जाऊबाई शेकत बसायच्या. कारखान्यात कुणाला कळता कामा नये, असं दोघांनी मला बजावलं होतं. ड्रायव्हरचा पाय अधू झालाय म्हटल्यावर त्याला कोण ठेवील? आणि हायब्रिडला क्लचच नव्हता.

शोरूमचा माणूस बाजूला, मी मागे, दादा स्टिअरिंगवर, असे आम्ही सचिन गावाच्या दिशेने गेलो. पहिल्यांदा दादांचा डावा पाय सवयीने क्लच शोधत राहिला. सिग्नलला इंजिनाचा आवाज थांबला तसा त्यांचा हात स्टार्टच्या बटणाकडे गेला.

"बंद नहीं हुई काका, बैटरी पे है," शोरूमवाला म्हणाला.

दादांनी हात मागे घेतला. परतताना पाहिलं, तर डावा पाय सैल पडला होता आणि ते चक्क गुणगुणत होते. त्यांना गुणगुणताना मी कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी शेठांना हायब्रिडच घ्या म्हणून सांगितलं. कारणं सगळी खरी दिली: गर्दीत पेट्रोल वाचतं, परदेशी गिऱ्हाइकं येतात, त्यांना धूर नको असतो. गुडघ्याचा विषय काढला नाही.

गाडी आली. पहिल्याच रविवारी शेठ स्वतः ती घेऊन डुमसच्या समुद्रावर गेले. सोमवारी कारखान्यात येतानाही स्वतःच चालवत आले.

"बेन, आमां तो कंई करवानुं ज नथी," ते खुशीत म्हणाले. यात काही करावंच लागत नाही, तर ड्रायव्हर कशाला? मी मुंबईच्या लांब फेऱ्यांची आठवण करून दिली. ते म्हणाले, "तेव्हा बोलावू ना. तोवर त्यांना गेटवर बसवा, ट्रकांची नोंद ठेवतील. पगार आहे तोच."

हे दादांना मलाच सांगावं लागलं. त्यांनी मान हलवली आणि गेटकडे गेले. काही आठवडे तिथे बसले, मग एक दिवस काम सोडून आले. आता ते ताक्यांची ने-आण करणारा टेम्पो चालवतात. त्याचा क्लच जुन्या गाडीहूनही जड आहे.

दादा काम सोडून आले त्या संध्याकाळी जाऊबाईंनी मला जिन्यात गाठलं. "ती गाडी तूच पसंत केली ना?"

"हो. त्यांच्या पायासाठी."

"मग त्यांना विचारायचं तरी."

 खरंच, मी विचारलं नव्हतं. आतून दादा त्यांच्या अहिराणी वळणात म्हणाले, "जाऊ दे. गाडी चांगली शे."

जाऊबाई माझ्याशी बोलतात, पण पूर्वीसारखं नाही. आणि परवा शेठांनी मुलासाठीही गाडी पाहायला सांगितलं. मी आठवडाभर टाळते आहे. मुलाच्या गाडीलाही एक ड्रायव्हर आहे, आणि त्याला आधी काय विचारावं, कोणत्या तोंडाने विचारावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.