जिन्याखालची वेळ

कॅमेरे बसवणारे पुष्कळ असतात. भिंतीला भोक पाडायचं, वायर ओढायची, चहा प्यायचा आणि चालू लागायचं. वेगळ्यांचं तसं नव्हतं. वेगळे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ‘कॅमेऱ्यांचं नेटवर्क वेगळं ठेवायचं’ हे वाक्य त्यांनी आयुष्यात इतक्यांदा उच्चारलं होतं की धंद्यातल्या लोकांनी तेच त्यांना चिकटवून टाकलं.

त्यांचं म्हणणं चुकीचं मुळीच नव्हतं. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर लोक भलतंसलतं उघडतात. त्या वाटेनं कुणी आत शिरला तर तुमच्याच कॅमेऱ्यांतून तुमचंच घर बघत बसेल. म्हणून कॅमेऱ्यांच्या वायरी वेगळ्या, त्या जोडणारी डबी वेगळी आणि बाहेरच्या इंटरनेटशी संबंध शून्य. शहाणा माणूस इथे थांबतो. वेगळे थांबत नसत. रेकॉर्डरच्या खोलीत ते स्वतःचा मोबाईलसुद्धा नेत नसत. दाराबाहेर बिस्किटांचा एक रिकामा डबा ठेवलेला असे. आधी त्यात फोन टाकायचा, मग आत पाऊल. त्यांची बायको म्हणे, “एक दिवस यांनाच त्या डब्यात भरून ठेवते की नाही बघा.”

अशा माणसाला त्या चार मजली इमारतीचं काम मिळालं आणि तिथेच गोची झाली. काम मिळालं ते गेटवरच्या वॉचमननं शब्द टाकला म्हणून, आणि वॉचमन म्हणजे वेगळ्यांचे सासरे. मामांना बिचाऱ्यांना वाटलं, जावयाचं भलं होईल. चेअरमनच्या डोक्यात मात्र निराळंच शिजत होतं.

“मी पावणेआठला घरी येतो तेव्हा गेट रिकामं असतं,” चेअरमननं वेगळ्यांना बाजूला घेऊन सांगितलं. “ड्युटी आठपर्यंत आणि म्हातारा आधीच पसार! एकदा रेकॉर्डवर येऊ दे, लगेच नारळ देतो. माणूस खोटं बोलतो, कॅमेरा बोलत नाही.”

मामांची ही नोकरी गेली तर या वयात दुसरी कोण देणार? पण काम वाईट करायचं हे त्यांच्या रक्तातच नव्हतं. मन घट्ट करून त्यांनी जिन्याखालची खोली घेतली, झाडू आणि मोडक्या खुर्च्या हलवल्या आणि असं चोख नेटवर्क उभं केलं की त्यात मुंगी शिरणार नाही. चेअरमनला कॅमेरे फोनवर बघायचे होते. वेगळ्यांनी साफ नकार दिला. बघायचं असेल तर फोन डब्यात टाका आणि खोलीत या.

शेवटी रेकॉर्डरनं वेळ विचारली. इंटरनेटला जोडलेलं यंत्र आपली वेळ आपण मागवून घेतं, या यंत्राला मात्र कुणीतरी सांगावी लागत होती. वेगळ्यांचा फोन डब्यात. मनगटावर घड्याळ बांधायची सवय नाही. दाराशी मामा उभे होते.

“मामा, किती वाजले?”

मामांनी मनगट डोळ्यांपासून लांब धरलं. “साडेदहा.”

वेगळ्यांनी साडेदहा लावले, पासवर्ड घातला आणि समाधानानं हात झटकले.

महिन्याभरानं चेअरमननं मीटिंग बोलावली आणि कॅमेरा खोटं बोलत नाही असं सगळ्यांना आधीच बजावलं. झाडून सगळे फोन बिस्किटांच्या डब्यात गेले, डब्याचं झाकण बसेना, आणि अख्खी कमिटी जिन्याखाली वाकून उभी राहिली. चेअरमनची बायकोही आली होती. वेगळ्यांनी रेकॉर्ड लावलं. मामा रोज सकाळी बरोबर आठला गेटवर हजर. रोज संध्याकाळी बरोबर आठला टोपी काढून बाहेर. मिनिटाचाही फरक नाही. त्यानंतर पाच मिनिटांनी गेटमधून आत येत होते ते खुद्द चेअरमन.

“अशक्य!” चेअरमन ओरडले. “मी पावणेआठला येतो!”

“आठ वाजून पाच मिनिटं झालीत,” त्यांची बायको म्हणाली. “मी किती वर्षं सांगतेय, तुम्ही उशिरा येता म्हणून.”

“अगं, मी फोनमध्ये बघतो ना वेळ!”

“फोनमध्ये बाहेरचा कुणीही शिरू शकतो,” खजिनदार गंभीरपणे म्हणाले आणि वेगळ्यांकडे वळले. “तुम्हीच सांगितलंत ना?”

सांगितलं होतं खरं. वेगळ्यांनी मान हलवली. कॅमेरा खोटं बोलत नाही हे चेअरमन स्वतः चारचौघांत बोलून बसले होते, आता गिळणार कसं? मामांना कायम ठेवायचं ठरलं. वर, इमारतीत वेळ पाळणारा हा एकच माणूस उरला आहे असं सगळ्यांचं मत पडलं. दुसऱ्या दिवसापासून घरोघरची भिंतीवरची घड्याळं कॅमेऱ्याप्रमाणे पुढे सरकली. दूधवाल्याला उशिरा येतो म्हणून बोलणी बसली. चेअरमन ऑफिसात सगळ्यांच्या आधी पोचून कुलपासमोर उभे राहू लागले.

वेगळ्यांनी घरी येऊन ही विजयाची कथा बायकोला रंगवून सांगितली. ती हसेल असं त्यांना वाटलं होतं. तिच्या हातातला टॉवेल घडी घालता घालता थांबला.

“अहो, वेळ कुणाच्या घड्याळाची लावलीत?”

“मामांच्या.”

“अगं बाई!” ती मटकन खाली बसली. “ते मी वीस मिनिटं पुढे करून ठेवलंय. लग्नाच्या आधीपासून! उशिरा जातात म्हणून बाबांच्या दोन नोकऱ्या गेल्या होत्या. अजूनही माहेरी गेले की हळूच बघते, मागे पडलं असेल तर पुढे ढकलते. बाबांना यातलं काही माहीत नाही हं. तेव्हापासून एकदाही उशीर झाला नाही म्हणून छाती फुगवून फिरतात ते.”

वेगळ्यांपुढे पेच पडला. आयुष्यात त्यांनी चुकीचं काम मागे ठेवलं नव्हतं. आणि बरोबर करायचं म्हणजे मामा रोज वीस मिनिटं आधी गेट सोडतात हे चेअरमनच्या हातात नेऊन देणं. सकाळी ते तितकेच लवकर येतात, पण ती वीस मिनिटं चेअरमन थोडीच धरणार!

तरी दुपारी ते गेलेच. फोन डब्यात टाकला, खोलीत शिरले. मामा स्टुलावर बसून पडद्यावर रिकामं गेट बघत होते.

“मामा, यंत्राची वेळ चुकलीय. तुमचं घड्याळ जरा...”

“वीस मिनिटं पुढे आहे,” मामा म्हणाले.

“तुम्हाला माहीत आहे?”

“समोरच्या शाळेची घंटा रोज ऐकतो मी, जावईबापू.”

“मग त्या दिवशी बोलला का नाहीत?”

“तुम्ही विचारलंत, मी घड्याळात बघून सांगितलं. मला वाटलं, एवढं हुशार यंत्र, त्याचं ते समजून घेईल.”

“पण मामा, इतकी वर्षं तुम्ही ते बरोबर का नाही लावलंत?”

मामांनी टोपीनं घड्याळाची काच पुसली. “पोर घरी येते. बाबा, घड्याळ काढा, पुसून देते म्हणते. मग माझ्याकडे पाठ करते आणि काटे ढकलते. तिला वाटतं, म्हाताऱ्याला कळत नाही. तेवढ्यापुरती लहानपणीसारखी दिसते हो. मी बरोबर लावलं तर मला कळलंय हे तिला कळेल, मग ती कशाला ढकलेल?”

वेगळ्यांना एकदम भरून आलं. त्यांनी एक सुटी वायर उगाच गुंडाळली.

“पण तुमच्या कामात माझ्यामुळे खोट नको,” मामा उठत म्हणाले. “लावा बरोबर. चेअरमनना काय करायचं ते करू दे.”

वेगळ्यांनी पासवर्ड घातला. वेळेचा चौकोन उघडला आणि आतले आकडे लुकलुकू लागले. दाराबाहेर, हाताच्या अंतरावर, डब्यात त्यांचा फोन होता. बरोबर वेळ त्यात होती.

“मामा,” त्यांनी विचारलं, “किती वाजले?”

मामांनी दाराबाहेरच्या डब्याकडे एकवार पाहिलं. मग त्यांनी मनगट डोळ्यांपासून लांब धरलं आणि घड्याळात होते तेवढेच सांगितले.