आईच्या नावचा तिसरा वाटा

अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणाऱ्या या बाईंना विद्यार्थी वाचनताई म्हणतात. कायद्याचं एक पुस्तक त्या सात महिने वाचत होत्या. एक्केचाळीस प्रकरणं. सगळं पुस्तक तपासून झाल्याशिवाय एकही फाइल घराबाहेर द्यायची नाही, हा त्यांचा नियम. परीक्षा एकोणीस दिवसांवर आली होती.

शनिवारी सकाळी संगणकातून टकटक ऐकू येऊ लागली. डिस्क अशी वाजू लागली की तिचं काही खरं नसतं. बॅकअपची पेटी वरच्या मजल्यावर, दिराच्या घरी. घरातल्या सगळ्यांच्या फायली नेटवर्कवरून तिथं साठतात. वाचनताईंनी पाहिलं, तर दोन महिन्यांत तिथं काहीच गेलं नव्हतं. सूचना रोज येत होती. ती न वाचताच त्या मिटवत होत्या. शेवटची बारा प्रकरणं फक्त या डिस्कवर होती.

‘जागा शिल्लक नाही,’ असं पडद्यावर आलं. पेटी मात्र निम्मी रिकामी दिसत होती. त्यांनी आपले जुने फोटो पुसले. तरी तेच. पुसलेले फोटो पेटीतल्याच कचऱ्यात जाऊन बसले होते आणि तो कचरा काढायचा हक्क दिराकडे होता.

दीर लिफ्ट दुरुस्त करतात. तिसऱ्यांदा लावल्यावर त्यांनी फोन घेतला.

“भाऊजी, पेटीत जागा आहे की नाही?”

“ढीगभर आहे. तुमचा वाटा भरला असेल, वहिनी. आपल्या दोन घरांचे दोन आणि आईचा एक, असे सारखे तीन वाटे केलेत.”

“पेटीचेसुद्धा वाटे?”

“आईच नेहमी म्हणते, सगळ्याचे वाटे करा, पुढं भांडणं नकोत.”

“मग माझा वाढवून द्या.”

“ते घरी आल्यावरच होईल. संध्याकाळी करतो.”

“तोवर डिस्क राम म्हणेल!”

“मग आईचा वापरा. कोरा पडलाय. पासवर्ड तिला लिहून दिलाय.”

सासूबाईंनी आयुष्यात संगणकाला हात लावलेला नाही.

“मला वाटा आहे? आणि मला मेलीला पत्ता नाही!” म्हणत त्यांनी चष्म्याच्या डबीतून घडी घातलेली चिठ्ठी काढली. “हा कसला कागद ते कळलं नाही, पण जपला. वाटणीच्या घरात कागद फेकू नये.”

पासवर्ड चालला. डिस्क अडखळत होती. एका प्रकरणाला दहा-बारा मिनिटं.

“क्रमानं घे की,” शेजारी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या.

“नको. मोठी आधी. लहान गेली तर पुन्हा वाचता येतील.”

दोघींची नजर पडद्यावरच्या पट्टीवर. चहा निवून गेला. सात झाली. आठ. नववं वर पोचलं, दहावं सुरू झालं आणि टकटक थांबली. पट्टी जागच्या जागी गोठली. संगणक बंद करून पुन्हा लावला; डिस्क सापडत नाही, एवढंच तो सांगत राहिला.

“गेली?”

“तीन गेली. बावन्न पानं.”

“परीक्षेआधी होतील?”

“व्हायलाच हवीत.” वाचनताईंनी पुस्तकात बत्तिसावं प्रकरण उघडलं आणि फोनवर रेकॉर्डिंग लावलं. “आई, तेवढा मिक्सर लावू नका.”