खोळमामांची सूतभर चूक

माझ्या मामाला उघडी वस्तू बघवत नाही. रिमोटला खोळ, मिक्सरला खोळ, पाण्याच्या मोटारीला खोळ, आणि उरलेल्या खोळी ज्या पेटीत ठेवल्यात त्या पेटीलाही खोळ. धंदाच तो त्याचा. सोफे, ऑफिसच्या खुर्च्या, स्कूटरच्या सीटा, ज्यावर माणूस बूड टेकतो त्या सगळ्याला तो रेक्झिन चढवतो. गल्लीत त्याला खोळमामा म्हणतात आणि त्याला ते आवडतं. माणूस लाखात एक, पण हेकट इतका की बोलून उपयोग नाही, हे मी भाची म्हणून सांगते.

दुकानात दोघंच. कापणी मामाची, शिलाई मामीची. मामाची मोठी कात्री खिळ्याला टांगलेली असते आणि तिला हात लावायची कोणाची छाती नाही. मामीने एकदा त्या कात्रीने दोरा तोडला होता, तर हा बाबा दोन दिवस जेवताना भिंतीकडे तोंड करून बसला. 'माझं माप सूतभर चुकत नाही,' हे त्याचं पालुपद. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे मला बोलता येण्याआधी पाठ झालं असावं.

त्याची सगळी मापं आणि कापायचे नकाशे कागदावर होते. ते उंदरांनी कुरतडायला सुरुवात केली, तेव्हा गेल्या वर्षी मीच त्याला टॅब्लेट आणून दिला. उरलेल्या कागदांचे फोटो काढले, त्यावर बोटाने लिहायचं कसं ते शिकवलं. एकतीस वर्षांचं काम त्या पाटीएवढ्या वस्तूत मावलं. मामाने पहिल्याच आठवड्यात तिला तपकिरी रेक्झिनची खोळ शिवली, मेणाच्या दोऱ्याने, हाताने, काच आणि वायरचं भोक सोडून चारी बाजूंनी बंद. स्वतः. मामीलाही हात लावू दिला नाही.

मग टॅब्लेट टेबलावरून पडला. काच शाबूत, ओरखडा नाही, मामाने टॅब्लेट आठ जणांना दाखवला. फक्त काचेच्या वरच्या अर्ध्या भागाला बोट लावलं की काहीच होईना. नेट चालू करायचं चिन्ह नेमकं त्याच भागात. दुरुस्तीवाला म्हणाला, काच बदलून देतो, पण आतलं राहील याची हमी नाही, आधी सगळं कॉम्प्युटरवर काढून घ्या. आता नकाशे गेले तर दुकान गेलं, हे तिघांनाही कळत होतं. नव्याने एवढी मापं घेणं मामाच्याने होणार नव्हतं. दिवसभरात तीनदा तो दुकानातला बल्ब बदलायचा आणि म्हणायचा, 'हल्ली बल्बच धड येत नाहीत, उजेडच पडत नाही.'

रविवारी सकाळी मी माझा कॉम्प्युटर घेऊन दुकानात गेले. गोदामाच्या ऑफिसात मी हेच करते, लोकांची यंत्रं रडली की त्यांचे डोळे पुसते. दहा मिनिटांचं काम, असं म्हणून मी वायर जोडली. टॅब्लेटवर चार्जिंगचं चिन्ह उजळलं. कॉम्प्युटर मात्र ढिम्म. त्याच्या लेखी टॅब्लेट नावाची वस्तू जगात नव्हतीच.

'बोलत नाही का?' मामाने विचारलं.

'बोलेल.'

'तुझंच यंत्र लाजतंय वाटतं.'

मी दोन्ही यंत्रं बंद करून चालू केली. वायर कॉम्प्युटरच्या दुसऱ्या भोकात घातली. नुसतीच चार्ज करणारी वायर असते एकेक, तसं असेल म्हणून समोरच्या स्टेशनरीवाल्याकडून फोटो पाठवायची खात्रीची वायर मागून आणली. तिने त्याच्या फोनमधले फोटो माझ्या कॉम्प्युटरवर सटासट आणले, त्याच्या मांजराचेच पंचेचाळीस. टॅब्लेट लावला की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. कॉम्प्युटरमधली अशा यंत्रांची जुनी नोंद पुसली, नवी बसवली. दोन तास गेले. माझं डोकं इतकं फिरलं की मी स्टेशनरीवाल्याच्या मांजरावर खेकसले, तेही फोटोतल्या.

मामी मशीनवर बसून उशीचा गाभा भरत होती. हात न थांबवता म्हणाली, 'अगं, ते चार्ज करताना तुझे मामा वायरीखाली खोडरबर ठेवतात. त्याशिवाय होत नाही.'

'कोण म्हणतं?' मामा म्हणाला.

'खोडरबर म्हणतं. रोज माझ्याकडे येऊन रडतं.'

मी खोडरबर शोधलं. टेबलाच्या कडेला होतं, मधोमध खळगा पडलेला. टॅब्लेट उलटा करून वायरचं तोंड जिथे घालतात ते भोक उजेडात धरलं. भोवती मामाने सुरेख गोट लावला होता, दोन रंगांचा. आणि त्या गोटाच्या खाली, एका बाजूने, रेक्झिन भोकावर आलेलं होतं. वायर तिरकी जात होती आणि पूर्ण बसतच नव्हती. वीज कशीबशी पोचायची, बाकीचं काही पोचत नव्हतं.

'मामा, खोळीचं हे छिद्र सरकलंय.'

'काय सरकलंय?'

'सूतभर.'

मामाने टॅब्लेट माझ्या हातातून घेतला आणि छातीशी धरला. 'काही सरकलेलं नाही. कंपनीनेच भोक वाकडं पाडलंय. आणि शिवण उसवायची नाही. माझी शिवण आजवर कोणी उसवलेली नाही.'

'मग नकाशे जाऊ देत,' मी म्हणाले. रागच आला होता मला. 'दुकानाला कुलूप लावू आणि कुलपाला खोळ शिवू.'

मामा हाताचा अंगठा त्या गोटावरून फिरवत राहिला, हळूहळू, आणि तेव्हा मला कळलं की त्याला ते ठाऊक होतं. गोट शोभेसाठी नव्हताच. चूक झाकायला होता. इतका देखणा गोट त्याने आयुष्यात दुसऱ्या कशाला लावला नव्हता.

शेवटी त्याने टॅब्लेट टेबलावर ठेवला आणि पाठ फिरवून म्हणाला, 'काप. मी बघत नाही.'

मामी पुढे झाली. टाके उसवायची छोटी उसवणी घेतली आणि चार टाके असे काढले की रेक्झिनला कळलंही नाही. वायर घातली. या वेळी ती आत जाऊन खट्ट बसली. टॅब्लेटच्या तळाशी, जिथे काच अजून ऐकत होती तिथे, प्रश्न आला: कॉम्प्युटरला फाइली बघू देऊ का? मी 'हो' वर बोट ठेवलं. कॉम्प्युटरवर फोल्डर उघडलं आणि चारशे बारा नकाशे धडाधड उतरायला लागले. मला मामीला मिठी मारावीशी वाटली, मी मारली.

'बघू,' म्हणत पाठमोरा मामा वळला. कॉम्प्युटरचा पडदा मोठा. मी एक नकाशा उघडून पडदाभर केला, डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या खुर्चीचा, मागच्या वर्षीचा. मामाच्या रेघा काळ्या. त्यांच्या बाजूला बारीक अक्षरात लाल रंगाने लिहिलं होतं: एक सूत डावीकडे. पुढचा उघडला. अर्धं सूत वर. त्याच्या पुढचा. दीड सूत बाहेर. वर्षभरातल्या एकूण एक नकाशावर लाल.

टॅब्लेटवर ही अक्षरं मुंगीएवढी दिसत असणार. मामाला ती कधी दिसलीच नव्हती. इथे हातभर दिसत होती. तो वाकून वाचत राहिला, एकामागून एक. मी माउस सोडून दिला.

'हे कोणी लिहिलं?' त्याने विचारलं.

मामीने सुईत दोरा ओवला. 'उंदरांनी. आधी कागद खायचे. आता शिकलेत थोडं.'

'आणि कापड?'

'तुम्ही दुपारी झोपता ना. उंदीर जागे असतात.'

म्हणजे वर्षभर मामा कापत होता, आणि तो घोरायला लागला की मामी नव्याने कापत होती. गिऱ्हाइकाच्या खुर्च्या बरोबर बसत होत्या आणि मामा गल्लीभर सांगत होता, सूतभर चुकत नाही. एका टॅब्लेटच्या खोळीला तेवढा तिचा हात लागला नव्हता.

मला वाटलं, आता भिंतीकडे तोंड होणार, किमान आठवडाभर. मामा बल्बकडे बघत उभा राहिला. मग स्टूल ओढलं, त्यावर चढला आणि खिळ्यावरची मोठी कात्री काढली. मामीच्या मशीनवर, उशीशेजारी, ती ठेवली.

'हिला एवढी वर्षं खोळ शिवायची राहिली,' तो म्हणाला. 'माप तू घे.'

मामीने नाक ओढलं, टेप काढला आणि कात्रीच्या मुठीपासून मोजायला सुरुवात केली.