शेवटच्या घरचा नारळ

काल आमच्या नव्या फ्लॅटच्या नळाला पहिल्या धारेबरोबर लोखंडाचा वास आला, आणि मी मनानं थेट लहानपणीच्या पुंडलिकनगरच्या जुन्या गल्लीत जाऊन पोचले.

तिथं एके दिवशी नव्या पाइपलाइनचं उद्घाटन होतं. आमचे नगरसेवक अण्णा तेव्हा पहिल्यांदाच निवडून आलेले. चौकात मांडव, हार, फोटोवाला, सगळं तयार. पण अण्णा नारळ फोडेनात. "शेवटच्या घरी पाणी पडल्याबिगर नाय," म्हणाले, आणि नारळ घेऊन चढ चढत आमच्या दारात येऊन बसले. शेवटचं घर आमचं.

आई फटकळ. "मी तुमाला मत दिलं नाय बरं का," तिनं तोंडावर सांगितलं.

"ठाऊक हाय, ताई. हंडा आणा."

नळ आधी नुसताच फुसफुसला, मग तांबडं पाणी धाडकन हंड्यात कोसळलं. सगळी गल्ली ओरडली. अण्णांनी नारळ आईच्या हातात दिला. "फोडा तुमीच."

पुढं अण्णा आणखी चार वेळा निवडून आले, आणि प्रत्येक उद्घाटनाचा नारळ शेवटच्या घरीच फुटला. आईनं तो पहिला नारळ फोडला तेव्हा मला वाटलं होतं, अण्णांपुढं आई हरली. आज वाटतं, मत न देताही हक्कानं नारळ फोडणारी तीच त्या दिवशी जिंकली होती.