तळ्याकडचं फाटक

कामरगावला लेकीकडे होते, तेव्हा पुतण्याचा फोन आला. "काकू, माय गेली." माय म्हणजे माझी मोठी जाऊ, सरूबाई. मला रडू आलं नाही. जीपमध्ये बसले तेव्हा दिवस कलला होता आणि डोक्यात एकच येत होतं... आज फाटक कोण उघडं ठेवील?

मानोऱ्याजवळ तळ्याकाठी आमचं कुरण होतं. चरून येणारी ढोरं सरूबाई पावलांवरून ओळखायची. एखादं मागं राहिलं तर अंगणाचं फाटक लावायची नाही. दोघींचे नवरे गेल्यावर कुरणाला गिऱ्हाईक आलं. मला पक्कं घर हवं होतं; ती अंगठा देईना. प्लॉट पाडणारा मला म्हणाला, ढोरांना पाण्यावर जायची वाट मोकळी राहील. मी चौथी शिकलेली. कागदात तसं लिहिलंय का, ते मला वाचता आलं असतं. मी वाचलं नाही. तिला मात्र छातीठोक सांगितलं, आणि तिनं अंगठा दिला.

मग भिंत उठली. त्या दुपारी ढोरं भिंतीला तोंड लावून उभी राहिली, हाकलली तरी हलेनात. सरूबाई माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यानं तुले सांगतलं, तू मले सांगतलं. आता ढोरायले कोन सांगन?" त्यानंतर हा विषय तिनं कधी काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

ढोरं विकली. कुरणात बंगले झाले, गाड्या आल्या, कॉलनीच्या कमानीवर सिमेंटची गाय बसली. सरूबाई रोज दिवेलागणीला कमानीपाशी जाऊन हाक द्यायची. बंगल्यातल्या बाया भिकारीण समजून पोळी द्यायच्या. ती पोळी ती आमच्या फाटकाबाहेर ठेवायची, मागं राहिलेल्या ढोरासाठी. एकदा वॉचमन म्हणाला, "आजी, इथं ढोरं नाई येत आता."

"तू आला ना? मंग तेही येतीन."

तेरवी झाली. त्या संध्याकाळी पुतण्या फाटकाची कडी घालायला उठला. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण बाहेर काहीतरी थांबल्यासारखं वाटलं... खुरं टेकवून, त्या दुपारी ढोरं भिंतीपुढे थांबली होती तसं.

"राहू दे," मी म्हटलं.

"काकू, आता कोनाची वाट पाहून राह्यली?"

"एखादं मागं राह्यलं असन."